पळून कुठे गेली?

माझी थोरली बहीण विद्यापीठात शिकवायची. विषय समाजकार्य. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणायचा, "वा, फार पुण्याचं काम!" ताई चादरी वाटत फिरते, अशी त्याची समजूत झालेली असायची. मग मी समजावायला जायचे. काही मुलांना त्यांच्याच घरात धोका असतो, किंवा त्यांना सांभाळायला कुणी उरलेलं नसतं. अशा मुलांना सरकार बालगृहात ठेवतं. तिथे गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं, याचं ती संशोधन करते. एवढं ऐकलं की लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "बरं, माझे पडदे कधी मिळतील?"

मी शिंपीण आहे. बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. ताईची गोष्ट सांगायला मी योग्य माणूस नाही, असं माझी भाची म्हणते. एखाद्या प्राध्यापकाने सांगावी. पण प्राध्यापक तिच्या लेखांबद्दल सांगतील. तिला काय काय सोसावं लागलं आणि ती कशी सरळ उभी राहिली, ते मी पाहिलंय. त्यातलं थोडं तर माझ्याच दुकानात घडलंय.

लहानपणी घरात सगळे तिला 'चौकशी' म्हणायचे. आमचे बाबा बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. दिवसभर लोकांना उत्तरं देऊन घरी आले की दारात ताई उभी. ड्रायव्हरला उशीर झाला तर तो जेवतो कधी? कुणी झोपलेलाच राहिला आणि गाडी शेवटच्या थांब्याला गेली तर त्याला परत कोण आणतं? बाबा बूट काढता काढता म्हणायचे, "तिथे पगार घेऊन उत्तरं देतो, इथे फुकट!" पण उत्तर द्यायचे. माहीत नसलं तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून यायचे. आई कपाळाला हात लावायची. "बापाने डोक्यावर चढवून ठेवलीय," म्हणायची.

शिकून ताई बालकल्याण खात्यात लागली. लग्नही तिने स्वतःच जमवलं. आमचे भावजी दातांच्या कवळ्या बनवायचे. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत पांढऱ्या भुकटीने माखून बसलेले असायचे. माणूस मोठा गमत्या. "आमच्या घरात दात माझ्या हातात, आणि धार हिच्या जिभेला," असं येईल त्याला सांगायचे.

खात्यातलं ताईचं काम घरोघर जाण्याचं होतं. शेजाऱ्याने कळवलं की अमक्या घरातून रोज पोराच्या रडण्याचा आवाज येतो, शाळेतून निरोप आला की मुलीच्या पाठीवर वळ आहेत, की ही जिने चढून दार वाजवायची. "या, बसा," असं कुणी म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. शिव्या खाल्ल्या, एकदा अंगावर पाणी ओतून घेतलं. त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाचा तयार झगा घालून बसली होती, स्वतःचे कपडे वाळेपर्यंत. मी म्हटलं, "सोड ही नोकरी." ती म्हणाली, "पाणी स्वच्छ होतं गं. नशीब म्हण."

मुलाला घरातून काढणं हा अगदी शेवटचा उपाय, असं ती मानायची. आधी दहा गोष्टी करून बघायची. मावशी आहे का, काका आहे का, बापाची दारू सुटते का, आईला कुणी मदतीला येतं का. पण कधीकधी सगळीकडून घोडं अडायचं.

अशीच दोन भावंडं होती. मुलगी जेमतेम नऊ-दहा वर्षांची, भाऊ अजून बोबडं बोलणारा. आई आजारी पडून दीर्घ मुदतीसाठी इस्पितळात गेली होती, बापाचा पत्ता नव्हता, आणि शेजाऱ्यांनी काही दिवस जेवण पुरवून मग हात वर केले होते. ताई त्यांना घेऊन आली. आता नियम असा होता, की मोठ्या मुलींचं बालगृह गावाच्या एका टोकाला आणि लहानग्यांचं दुसऱ्या टोकाला. वय बघून मुलं वाटली जायची. खात्याची गाडी आधी लहानग्यांच्या दाराशी थांबली. मुलीने भावाच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरलेली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त मूठ सोडेना. शेवटी ताईलाच तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

हे ताईने मला त्याच दुपारी सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याची मापं घेत मी ऐकत होते. सांगून झाल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी नियमाप्रमाणे केलं. आणि तरी वाटतंय की मी चोरी केली."

थोड्याच दिवसांत ती मुलगी बालगृहातून पळाली. संध्याकाळपर्यंत सापडली. पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा पळाली तेव्हा ताई तिथे गेली. बालगृहाच्या अधीक्षिकेची खोली मी ताईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की डोळ्यांसमोर दिसते. फिनेलचा वास, भिंतीवर गुळगुळीत हिरवा रंग, खिडकीत धुतलेल्या बरण्या. अधीक्षिका वैतागलेली होती.

"तिला वळणच नाही हो. पळपुटी आहे. रक्तातच असतं एकेकाच्या."

ताईने विचारलं, "पळून कुठे गेली होती?"

"सापडली ना? झालं तर मग."

"हो, पण कुठे सापडली?"

अधीक्षिकेने आवाज देऊन दोघी-तिघींना विचारलं. कुणालाच नक्की सांगता येईना. रस्त्यात सापडली, पोलिसांनी आणून सोडली, एवढंच. मग ताईने मुलीलाच विचारलं. मुलगी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. बोटं सोडवणारी हीच ना! भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मी पळाले नाही. मी भेटायला गेले होते."

त्या एका वाक्याने आमच्या ताईची पुढची सगळी वर्षं ठरवली.

तिने खात्यात विचारून पाहिलं. दरवर्षी इतकी मुलं पळतात, ती जातात कुठे? साहेब म्हणाले, "बाई, आपलं काम मुलं परत आणायचं. प्रवासवर्णन लिहायचं नाही." सगळे हसले. ताईही हसली म्हणे. आणि घरी येऊन भावजींना म्हणाली, "मी नोकरी सोडून संशोधन करणार."

आमच्या घरी धरणी दुभंगली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती थांबेचना. "पक्की नोकरी! पदरात एक पोर! या वयात दप्तर घेऊन जाणार तू? लोक कवळीवाल्याला हसतील!" भावजी शांतपणे म्हणाले, "लोक हसले तर बरंच आहे. दात दिसतील, मला गिऱ्हाइकं कळतील." आईसुद्धा हसली, आणि त्या हसण्यातच प्रकरण मिटलं.

विद्यापीठात ज्या सरांकडे ती गेली, ते माणूस म्हणून सज्जन, पण आकड्यांवर फार जीव. त्यांनी विचारलं, "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?"

"मुलं पळून कुठे जातात."

"मुलं का पळतात, असा प्रश्न असतो सहसा."

"सर, 'का' विचारलं की मोठी माणसं उत्तरं देतात. वळण नाही, रक्तात आहे, संगत वाईट. 'कुठे' विचारलं तर उत्तर फक्त मुलांनाच देता येईल."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुढे त्यांनीच मला हे सांगितलं. म्हणाले, "मी त्या क्षणी ठरवलं, ही बाई मला त्रास देणार आणि मी तो घेणार."

ताईला जिन्याखालची एक खोली मिळाली, तिथे सरळ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. तिथून तिचं काम सुरू झालं. खात्याची परवानगी घेऊन ती बालगृहांत जायची. टेबलामागे बसायची नाही. मुलांसोबत अंगणात, नळाशी, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. आणि पहिल्या दिवशी काही विचारायचीच नाही. आधी सांगायची, "तू मला जे सांगशील ते मी तुझ्या नावाने कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुला इजा करत असेल, तर ते मात्र मी पोटात ठेवणार नाही. ते मला सांगावंच लागेल. म्हणून आधीच बोलून ठेवते." मग म्हणायची, "आता मला 'नाही सांगणार जा' असं म्हणून दाखव."

मुलं बुजायची. मोठ्यांना 'नाही' म्हणायची त्यांना सवयच नव्हती. मग हळूच एखादं म्हणायचं, "नाही सांगणार." "जोरात!" "नाही सांगणार जा!" आणि खिदळायचं. एका मुलाला ते इतकं आवडलं की तो अख्खी दुपार प्रत्येक प्रश्नाला तेच म्हणत राहिला. ताईने त्याचे आभार मानले आणि उठून आली. सर म्हणाले, "दिवस फुकट गेला." ताई म्हणाली, "छे! आज एका मुलाला कळलं की त्याचं 'नाही' चालतं."

घरी मात्र दिव्याखाली अंधार होऊ लागला होता. एकदा सगळे जेवायला बसलो असताना माझी भाची, तेव्हा शाळेतली, ताटातच बघत म्हणाली, "आईला भेटायचं असेल तर मलाही बालगृहात जावं लागेल बहुतेक." भावजींच्या तोंडाला येणारा विनोद त्या दिवशी आला नाही. ताईने काही समर्थन केलं नाही. ती लेकीला म्हणाली, "बरोबर बोललीस." आणि त्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला ती फाटकाशी उभी राहू लागली. कुणाचंही काम असो, त्या वेळेला ती तिथेच. सरांनी एकदा बैठक त्याच वेळेला ठेवली, तर ही मध्येच उठली. "मुलांवरच चाललंय ना सर संशोधन? मग एका मुलीला आणायला जाते."

काम रंगात आलं आणि तेव्हाच ते घडलं.

एका बालगृहातल्या मुलीने तिला सांगितलं, की पळून जाऊन परत आणलं की तिथे कपड्यांच्या कोठीत कोंडून ठेवतात. जेवण बाहेर दाराशी ठेवतात आणि उघडायचं कधी ते अधीक्षिका ठरवते. मुलगी हे दोरीवरचे चिमटे काढत सहज सांगून गेली, जणू हे सगळीकडे असंच असतं. मग ताईचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "हे तू सांगायचं नाहीस. मी 'नाही' म्हणते."

ताई म्हणाली, "बाळा, हे तेच आहे, ज्याबद्दल मी पहिल्या दिवशी बोलले होते."

"तूच म्हणालीस माझं 'नाही' चालतं."

"चालतं. पण इथे तुला इजा होतेय. इथे मला सांगावं लागेल, तुला राग आला तरी."

मुलगी पाठ फिरवून निघून गेली. ती ताईशी पुन्हा कधीच बोलली नाही. ताई त्याच पावली खात्यात गेली आणि तक्रार नोंदवली. आधी कोठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दाराला कडी बाहेरून होती.

चौकशी झाली. कोठीची कडी काढली गेली, अधीक्षिकेला हलवलं गेलं. आणि त्यानंतर काही दिवसांतच ताईला निरोप आला, की तिच्या संशोधनाची परवानगी रद्द करण्यात येत आहे. कुठल्याच बालगृहाचं दार तिला उघडणार नाही.

सर खरोखर हळहळले. म्हणाले, "तुम्ही आता खात्याच्या कार्यकर्त्या नाही, संशोधक आहात. आधी काम पुरं करून मग तक्रार केली असती तर? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात."

"सर, संशोधक झाले म्हणून मी बहिरी झाले का? मी काम पुरं करेपर्यंत त्या पोरींनी कोठीत बसायचं होतं?"

नंतर सरांनी खात्याला ताईच्या बाजूने कडक शब्दांत कळवलं. उपयोग झाला नाही, पण त्यांनी कळवलं, हे मला इथे सांगायलाच हवं.

त्या आठवड्यात ताई रोज दुकानात येऊन बसायची. बटणं लावायची. तिला बटण लावता येत नाही, मी नंतर सगळी उसवून पुन्हा लावली. असंच एकदा बटण लावता लावता ती म्हणाली, "बालगृहात जाता येत नाही. पण बालगृहातून बाहेर पडून मोठी झालेली माणसं तर याच गावात आहेत."

"ती कुठे भेटणार तुला?"

"तुझ्याकडे."

मला काही कळेना. तिने समजावलं. ही माणसं आता कुणी वाहन चालवतं, कुणी इस्पितळात काम करतं, कुणाचा संसार आहे. आपण बालगृहात वाढलो हे त्यांनी बायको-नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. त्यांना विद्यापीठात बोलावलं तर येणार नाहीत. पण शिंप्याच्या दुकानात कुणीही जातं. कुणी विचारत नाही.

तिने पहिल्या एकाला गाठलं, त्याने दुसरीला सांगितलं, आणि येऊ लागली माणसं. एकाच्या हातात पँट, म्हणे कमी करायची आहे. एक बाई, म्हणे चेन बसवायची आहे. मग ही माणसं आत, कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जायची, तिथे स्टुलावर ताई. आमच्या दुकानाचा पडदा म्हणजे नावाला पडदा. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. म्हणून मी मशीन चालवत ठेवायचे. शिवायला काही नसलं तरी. हाताला येतील ते तुकडे जोडून उशांचे अभ्रे शिवत बसायचे, म्हणजे खडखडाटात मला एक शब्द कळणार नाही. त्या काळात आमच्या नात्यात ज्यांचं लग्न झालं, बारसं झालं, घर झालं, सगळ्यांना माझ्याकडून उशांचे अभ्रे. अजून वापरतात आणि अजून मला नावं ठेवतात.

मी कुणाचं ऐकलं नाही. पण बाहेर येताना चेहरे बघितले. एक आडदांड गडी होता, डोळे लाल करून बाहेर आला आणि मला म्हणाला, "पँट मस्त बसली." मी पँटला हातही लावला नव्हता.

ताई प्रत्येकाला रस्ता विचारायची. पळालात तेव्हा कुठून निघालात, कुठे वळलात, कुठली गाडी, कुठली भिंत. आणि मग तो रस्ता ती स्वतः चालून बघायची. एका रविवारी, एका बाईने सांगितलेला रस्ता बघायला, मी तिच्याबरोबर गेले. बालगृहाच्या मागच्या बाजूने निघालो, लाकडाच्या वखारीला वळसा घातला, नाल्यावरचा लोखंडी पूल ओलांडला. माझे पाय दुखायला लागले. मी म्हटलं, "एवढं लहान पोर एवढं चालेल?" ती म्हणाली, "चालत होती." शेवटी आम्ही एका उंच कुंपणाशी पोचलो. आत लहानग्यांच्या बालगृहाचं खेळायचं मैदान होतं. मला काही दिसेना, नुसता पत्रा. ताई म्हणाली, "खाली बस." मी गुडघ्यांवर बसले. पत्र्याला खाली एक फट होती, लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला. तिथून आतला घसरगुंडीचा कोपरा दिसत होता.

"ती लहानपणी इथे बसून राहायची," ताई म्हणाली. "धाकटी बहीण खेळायला आली की बघायची. मग कुणी ना कुणी तिला पकडून परत न्यायचं."

मी तिथेच बसून रडले. ताई रडली नाही. ती फटीची उंची मोजत होती.

बहुतेक सगळे रस्ते असेच निघाले. भावाकडे, बहिणीकडे, एखाद्या आजीकडे, जेवण देणाऱ्या जुन्या शेजारणीकडे. ज्यांना सगळे पळपुटी म्हणत होते ती मुलं कुणापासून पळत नव्हती, कुणाकडे तरी जात होती. एवढं साधं! आणि इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली, तिला आई-बाबा, भावजी, भाची, मी, सगळे गेलो. बाहेरगावहून आलेले परीक्षक म्हणाले, "मोठी झालेली माणसं लहानपण रंगवून सांगतात. यावर विश्वास कसा ठेवायचा?"

ताई म्हणाली, "रंगवून सांगतात, मान्य. म्हणून मी भावना मोजल्या नाहीत, रस्ते तपासले. पूल आहे की नाही, फट आहे की नाही. तुम्हाला वेळ असेल तर आज दुपारी चला, दाखवते."

परीक्षक खरंच गेले. फटीपाशी खाली बसले, त्यांच्या सुटाचे गुडघे मळले. आले ते थेट माझ्या दुकानात, घासून घ्यायला. मला म्हणाले, "तुमची बहीण फार कठीण आहे." मी म्हटलं, "आम्हाला माहीत आहे. पण असं विद्यापीठाकडून कळलं की बरं वाटतं." बाबा त्या दिवशी स्थानकात सगळ्यांना पेढे नाही तरी बातमी वाटत फिरले. खिडकीवर गाडीची वेळ विचारणाऱ्यालासुद्धा आधी मुलीचं सांगायचे, मग गाडीचं.

पदवी मिळाली म्हणून जग लगेच बदललं नाही. खात्याने तिच्या निष्कर्षांना 'अतिशयोक्त' म्हटलं. तिला विद्यापीठात शिकवायची जागा मिळाली, पण तिच्यामागून आलेले पुढे गेले आणि ती जिन्याखालून फक्त जिन्यावर आली. विभागप्रमुखांनी एकदा सुचवलं, की लेखातून त्या कोठीचा उल्लेख गाळला तर खात्याशी संबंध सुधारतील, निधीही मिळेल. ताई म्हणाली, "कोठी बांधली त्यांनी, आणि गाळायची मी?" ती शिकवत राहिली. तिच्या वर्गातून निघालेली पोरं-पोरी खात्यात भरती होत गेली. दार वाजवायला, जिने चढायला. आणि प्रत्येकजण, मूल पळालं की विचारायचा, कुठे गेलं?

शेवटी खात्याला बाहेरून धक्का लागलाच नाही, आतूनच लागला. वरच्या खुर्चीत एक नवी अधिकारी आली. तिने ताईला बोलावून घेतलं आणि सरळ म्हणाली, "मॅडम, माझे सगळे चांगले कार्यकर्ते तुमचे विद्यार्थी आहेत. ते मला छळतात. तुम्ही नियम लिहून द्या, मी सही करते." भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं, नाही जमलं तर दर आठवड्याला भेट घडवायची, आणि भेटायला गेलेल्या मुलाला 'पळालेला' म्हणायचं नाही. झाला नियम. ज्या दिवशी तो लागू झाला त्या दिवशी भावजींनी तिला विचारलं, "आता तरी जीभ विसावणार का?" ती म्हणाली, "बघू."

मी तिच्यासोबत एका नव्या घरात गेले होते, जिथे भावंडं एकत्र राहत होती. पलंगाला पलंग लागून. दोन भाऊ एका चेंडूवरून कचाकचा भांडत होते, एकमेकांचे केस ओढत होते. काळजीवाहू बाई धावली. ताई दारात उभी राहून असा चेहरा करून बघत होती, की जणू तिला कुणी सोन्याचं कडं दिलंय. "भांडतायत!" ती मला म्हणाली. "बघ तरी, किती छान भांडतायत!"

तिच्या निवृत्तीच्या वर्षी तिची शेवटची विद्यार्थिनी परीक्षेला उभी राहिली. हडकुळी, अडखळत बोलणारी मुलगी. पण तिचं म्हणणं धारदार होतं. ताईच्या नियमामुळे बहुतेक भावंडांचं भलं झालं, ती म्हणाली. पण सगळ्यांचं नाही. काही घरांत मोठं भावंडच लहानाला मारायचं, धाक दाखवायचं. अशा धाकट्यांना नियमाने त्याच खोलीत ठेवलं. त्यांना कुणी विचारलंच नाही, की तुला ताईसोबत, दादासोबत राहायचंय का?

सभागृहात चुळबुळ झाली. समोर मार्गदर्शकाच्या खुर्चीत नियम लिहिणारी स्वतः बसली होती. एक प्राध्यापक म्हणाले, "तुमच्या मार्गदर्शकांच्या आयुष्यभराच्या कामाच्या हे विरुद्ध जातंय, याची कल्पना आहे ना?" मुलगी थांबली. तिने घाबरून ताईकडे बघितलं.

ताई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? त्यांच्याकडे बघ आणि बोल. मीसुद्धा ऐकायलाच बसलेय."

मुलगी बोलली. आता ती अडखळली नाही. तिने धाकट्यांचेच शब्द वाचून दाखवले, नावांशिवाय. मी मागच्या रांगेत होते, मला ताईची फक्त पाठ दिसत होती. ती अगदी ताठ होती. परीक्षकांनी पदवी जाहीर केली तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजली ती तिची.

बाहेर व्हरांड्यात विभागप्रमुखांनी गाठलंच. "काय मॅडम, तुमच्याच शिष्येने तुमचा पाय ओढला!"

"ओढला कुठे?" ताई म्हणाली. "मी एक पाऊल टाकलं होतं, तिने दुसरं टाकलं. एका पायावर किती दिवस उभी राहणार होते मी?"

मग तिने त्या मुलीचा हात धरला आणि दोघी तिथूनच खात्याकडे निघाल्या, नियमात एक ओळ घालून घ्यायला: आधी मुलाला विचारा. भर दुपारचं ऊन होतं. भावजी, भाची आणि मी फाटकापाशी उभे होतो. मुलगी घाईने चालत होती, ताई तिच्या बरोबरीने, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. भावजी म्हणाले, "झालं, आता दोघींना धार आहे." मला रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी बाईला थांबवून सांगावंसं वाटत होतं, ती बघा, उजवीकडची, पांढऱ्या केसांची, ती माझी बहीण आहे.